जुन्या ट्रॉल्यांवर ग्रॅनाइटचा ओटा: बॉक्स वजन पेलतील का?

ऐरोलीकर: ओटा 8 फूट × 2 फूट, ग्रॅनाइट 20 मिमी. खाली 18 मिमी प्लायचे बॉक्स, पीव्हीसी पाय. मधला बॉक्स 3 फुटी, सिंक त्यातच. सुतार म्हणतो, काही करायची गरज नाही. खरंच?

ओटेवाला: नुसता दगडच 80 किलोच्या आसपास भरेल. प्लायच्या उभ्या बाजू तेवढं पेलतात. घात होतो तो मधल्या मोकळ्या जागेत. सिंकमुळे तिथे पार्टिशन टाकता येणार नाही, म्हणून 25 × 25 मिमीचे एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) चौकोनी पाइप सिंकच्या पुढून आणि मागून आडवे टाका, टोकं बॉक्सच्या बाजूंवर टेकवून. रेड ऑक्साइड मारूनच, नाहीतर गंजतील. सिंकपुढे दगडाची दोन-अडीच इंचांची पट्टी उरते, आणि दगड उचलताना तडा तिथेच जातो. दगड उभा धरूनच न्यायला सांगा. कटआउटचे (सिंकसाठी दगडात कापलेल्या भोकाचे) कोपरे गोल हवेत, काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातूनच चीर सुरू होते.

घोडबंदर_ठाणे: पायही बघा. ते उभ्या बाजूंच्या बरोबर खाली हवेत. आत सरकलेले असतील तर सगळा भार तळाच्या प्लायवर येऊन तो वाकतो. बॉक्स एकमेकांना स्क्रूने जोडा, लेव्हल पाय फिरवून साधा. दगडाखाली सिमेंटचे गोळे ठेवून लेव्हल काढू देऊ नका, भार तेवढ्याच ठिपक्यांवर येतो.

ऐरोलीकर: सिंकखाली एका बाजूचा प्लाय खालून फुगलाय.

ओटेवाला: स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत घुसला तर ती बाजू बदलाच, 710 ग्रेडचा (पाण्यात टिकणारा, मरीन) प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा सील करा. किंवा सरळ कडप्पा उभा करा, पाण्याची कटकटच मिटते.