पेशंट वर सरकवताना कंबर कशी वाचवायची? (इंदूर)

मालवी_मिरची: पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. परवा नाइटला 80 किलोचे एक काका खाटेच्या पायथ्याशी घसरलेले. आया आणि मी, दोघीच. काखेत हात घालून 'एक, दो, तीन' करत ओढलं आणि कंबरेत अशी उसण भरली की चार्ट लिहायला वाकता येईना. सगळे म्हणतात पट्टा बांध. कोणता घेऊ?

राजवाडाकर: माझ्याकडे दोन पडून आहेत, घेऊन जा.

फिजिओ_मावशी: कळ पायात उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. पट्टा राहू दे. त्याने दुखापत टळते असं सिद्ध झालेलं नाही, उलट बांधला की उगाच जोर येतो. 'गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा' हे गोणीला ठीक. गोणी मध्येच गळ्याला मिठी मारत नाही! अमेरिकेतल्या 'नायोश' या सरकारी संस्थेने पेशंट हाताने उचलायची मर्यादा 35 पौंड, म्हणजे 16 किलो सांगितलीय, तीही सगळं अनुकूल असताना. काकांचा नुसता एक पाय 13 किलोच्या आसपास भरेल. म्हणून उचलायचं नाही, सरकवायचं. स्लाइड शीट, म्हणजे पेशंटखाली घालायचं गुळगुळीत घसरतं कापड, माग. आणि काखेतून ओढणं आजपासून बंद, त्यांच्याही खांद्याला इजा होते.

मालवी_मिरची: शीट मागितली तर इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, वर्षभर फिरेल हो. आणि आमच्या खाटेचं हँडल डोकं आणि पाय तेवढे वर करतं, उंची बदलतच नाही.

रामबागचा_ब्रदर: ऑर्थोत जन्म गेला माझा. मॅकिंटॉशवरून, म्हणजे खाटेवरच्या रबरी शीटवरून, ओढू नकोस, रबर धरून ठेवतं. एमटी क्लॉथ मार्केटात पॅराशूटचं कापड बघ, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरला विचारून नळीसारखं शिवून घे. पेशंटला आडवं झोपवलेलं चालत असेल तर डोक्याची बाजू सपाट कर, ब्रेक लाव, कुशीवर वळवून कापड अंगाखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत सार. दोघी दोन बाजूंना, वरची चादर अंगालगत मुठीत. एक गुडघा खाटेवर टेकव, मग फार वाकावं लागत नाही. काकांना टाचा रोवायला सांग, अर्धं काम तेच करतात. नंतर कापड काढ, नाहीतर घसरून खाली येतील.

मालवी_मिरची: काल केलं. काका असे सुळकन गेले की डोकं पाट्यावर आपटता आपटता राहिलं. म्हणाले, "भिया, धीरे!"

फिजिओ_मावशी: डोक्याशी उशी उभी लावत जा गं.