मदत हवी आहे : सबड्युरलचं (मेंदूच्या आवरणाखाली साठलेल्या रक्ताचं) ऑपरेशन झालं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या?

मंडळी, घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

सासरे, वय ७८, राहणार लालबाग. गणपतीत माळ्यावरचं मखर उतरवताना डोकं तुळईला आपटलं. साधं टेंगूळही आलं नाही. दिवाळीच्या सुमारास चालताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहू लागली. हे अनवाणी पुढे जायचे, पत्ताच नाही! दिवेलागणीनंतर बोलणंही असंबद्ध. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नुसती चाल बघून सीटी करायला पाठवलं. उजवीकडे क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा, म्हणजे हळूहळू साठत गेलेलं जुनं रक्त, मेंदू एका बाजूला ढकललेला. पालिकेच्या रुग्णालयात कवटीला दोन भोकं पाडून (बर होल) जुनं रक्त काढलं, उरलेलं वाहून जायला ड्रेन (नळी) ठेवला. आता घरी आहेत, पायात जोर आलाय, पेपर वाचतात, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतातही.

अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलाय. रक्त पातळ करणाऱ्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू होत्या, त्या ऑपरेशनसाठी थांबवल्या. न्यूरोसर्जन म्हणतात, पुढच्या सीटीपर्यंत हात लावू नका. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, एक तरी लगेच सुरू करा. दोन केसपेपर, दोन हुकूम. ऐकायचं कुणाचं? शिवाय डिस्चार्जच्या सीटीत अजून थोडं पाणी आणि हवा दिसतेय, त्याने यजमान हबकलेत.

प्रतिसाद :

ताई, मी न्यूरोसर्जरीत निवासी डॉक्टर आहे. पेशंट न बघता गोळ्यांबद्दल हो-नाही सांगणार नाही, पण विचारायचं काय ते सांगतो.

आधी सीटी. उतारवयात मेंदू आक्रसलेला असतो. रक्त काढलं तरी तो फुलून जागा भरायला काही आठवडे घेतो, तोवर तिथे पाणी-हवा दिसतेच. फिल्मपेक्षा माणूस बघा. डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, उलट्या, फिट, किंवा पाय पुन्हा ओढायला लागले तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. रक्त पुन्हा साठणं दुर्मीळ नाही. ड्रेन ठेवला ते उत्तमच. २००९च्या ब्रिटनमधल्या चाचणीत ड्रेन नसलेल्यांपैकी २४ टक्क्यांना, तर ड्रेन असलेल्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं होतं.

आता गोळ्या. स्टेंट नवा असताना गोळ्या थांबवणं फार जोखमीचं. दोन वर्षांनंतर मात्र बऱ्याच जणांना एकच पुरते. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना नेमकं विचारा : दोन्ही खरंच लागतात का, आणि किती दिवस थांबता येईल? उत्तर केसपेपरवर लिहून घ्या आणि तोच कागद न्यूरोसर्जनसमोर ठेवा. तारीख त्या दोघांनी मिळून ठरवायची, घरच्यांनी मधल्यामध्ये नाही. स्टेंटचं कार्ड आणि अँजिओप्लास्टीचा रिपोर्ट सोबत न्या, त्यावाचून सगळं हवेत बोलणं होतं.

धागाकर्ती :

खूप आभार. कार्ड सासूबाईंच्या कपाटात सापडलं. आणखी एक, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढू द्यावा का? सासूबाई तर त्यांना पलंगावरून उठूच देत नाहीत.

प्रतिसाद :

घरात जरूर चालवा, झोपवून ठेवलं तर छातीत कफ आणि पायात गुठळी व्हायची भीती. जिना त्यांच्या सर्जनला विचारूनच; उतरताना कुणीतरी एक पायरी पुढे राहा. आणि मखर यापुढे दुसऱ्याने उतरवायचं.