पडद्यावर दुसरे लग्न लागले, रेशन कार्डावर सुनेचे नाव कधी लागणार?

टिळकवाडीकर (मूळ मत): २०२४ मधील माझ्या आवडीची यादी देतो. मालिकांमध्ये ‘पुन्हा कर्तव्य आहे’ पहिली, कारण मुले असलेल्या दोघांचा दुसरा विवाह तिने रोज संध्याकाळी दिवाणखान्यात आणून बसवला. करमणुकीसाठी ‘नवरी मिळे हिटलरला’ आणि गाण्यांत अर्थातच ‘गुलाबी साडी’. सरकारी योजनांनी जे साधले नाही ते मालिकांनी साधले आहे. आपल्या सीमाभागात लग्नातले राजकारण आता संपल्यात जमा आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

चंदगडची लेक, बेळगावची सून: आपली यादी आपल्यापाशी ठेवा, पण शेवटचे वाक्य वाचून मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. राजकारण संपले असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्या घरी येऊन कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजार रुपयांचे काय होते ते पाहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये ही योजना सुरू झाली, तिचे खाते आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदारांकडे आहे, आणि पैसे रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव असेल तिलाच मिळतात. आमच्याकडे ते नाव सासूबाईंचे आहे. त्यामुळे धाकट्या जाऊबाईंनी वेगळ्या कार्डाचा आग्रह धरला, आणि एकाच चुलीवर जेवणारे घर कागदावर विभक्त करण्यावरून सहा माणसांचा अबोला झाला. हा प्रसंग मला कोणत्याही मालिकेत दिसलेला नाही.

दुसरे उदाहरण नणंदेचे. ती बेळगावची, दिलेली गडहिंग्लजला. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली तेव्हा परराज्यात जन्मलेल्या विवाहितेसाठी पतीची कागदपत्रे ग्राह्य धरली गेली आणि तिला दीड हजार रुपये मिळू लागले. पण जातीच्या दाखल्यासाठी गेल्यावर तिच्याकडे वडिलांकडचे पुरावे मागितले. वडील कर्नाटकातले मराठा, म्हणजे तिथल्या मागासवर्गीयांच्या यादीतील ३-ब प्रवर्गातले. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठ्यांना दिलेले दहा टक्के आरक्षण तिच्या वाट्याला येत नाही. पैशांपुरती ती सासरची आणि दाखल्यापुरती माहेरची राहिली. आता स्थळ पाहताना पोटजात, शेती आणि नोकरी यांच्याबरोबर ‘मुलीचे कागद कोणत्या राज्याचे’ हाही प्रश्न विचारला जातो. लग्नाची यादी करण्याच्या बैठकीत मानपानाच्या आधी हाच विषय निघतो, आणि आपण म्हणता राजकारण संपले!

टिळकवाडीकर: ताई, आपण सांगता ती सरकारी कामकाजातली गैरसोय आहे. मी मनातल्या बदलाविषयी लिहिले होते. माझी विधवा मामेबहीण वर्षानुवर्षे लग्नाचे नाव काढू देत नव्हती. गेल्या वर्षी तिच्याच सासूबाईंनी ती मालिका पाहता पाहता विषय काढला आणि मार्गशीर्षात लग्न लागले. याला आपण काय म्हणणार?

खानापूरच्या निवृत्त शिक्षिका: मी याला सासूबाईंचा चांगुलपणा म्हणेन. मालिकेचे श्रेय मालिकेला जरूर द्या, पण त्याआधी चिकोडीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडची आठवण ठेवा. मे २०२२ मध्ये त्या गावाच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे आवाहन केले. तेथे कोणताही कॅमेरा आधी पोहोचला नव्हता. राहिले ‘हिटलर’चे. सुनांपेक्षा वयाने लहान सासू या कल्पनेवर हसणारा आमचा शेजार तीच कथा ‘हिटलर कल्याण’ या नावाने कन्नडमध्ये आधीच पाहून झाला होता. दोन्ही एकाच हिंदी मालिकेची रूपे आहेत. मराठी सून कन्नड घरात आणावी की नाही यावर वाद घालणारी दोन्ही घरे रात्री मात्र एकच गोष्ट पाहतात, याची मला गंमत वाटते.

शहापूरचा जुना वाचक: मालिकांचे पुढे पाहू. ‘गुलाबी साडी’ वर्षातले आवडते गाणे कसे ठरले, हे मला कोणी सांगेल का? लग्नसराईत आमच्या गल्लीतून गेलेल्या प्रत्येक वरातीत तेच गाणे होते. वडिलांना हृदयविकार आहे. शेजारच्या मंगल कार्यालयातील डीजेमुळे खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, आणि विनंती करायला गेलो तर वराच्या मामांनी ‘एकच दिवस आहे, सहन करा’ असे उत्तर दिले. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. वरातीची गाडी या आकड्याच्या आसपासही नसते. ज्या सुळेभावीत १९२४ मध्ये कुमार गंधर्वांचा जन्म झाला, त्या तालुक्यात त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सर्वाधिक ऐकले गेलेले संगीत हे असावे, याची लाज वाटते.

निपाणीकर: लाज वाटून घेण्याचे काही कारण नाही. कुमार गंधर्वांच्या भजनावर वरात नाचत नाही आणि नाचावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. ज्या पोरांना स्थळे मिळत नाहीत, तंबाखूच्या शेतात राबून तिशी उलटते, त्यांच्या मित्राचे एकदाचे लग्न ठरले तर त्यांनी मोठ्याने आनंद केला म्हणून शहरातील पेन्शनर मंडळींनी नियमपुस्तक उघडू नये. आपल्या पिढीची बँड लावलेली वरात चालत होती, तेव्हा डेसिबल कोण मोजत होते?

शहापूरचा जुना वाचक: मी पेन्शनर नाही, माझे दुकान आहे. बँडवाले श्वास घेण्यासाठी तरी थांबत असत. आपण आमच्या घरी एक रात्र राहून पाहा आणि मग आनंदाची व्याख्या शिकवा.

निपाणीकर: आपण एकदा शेतकरी मुलाचा बाप होऊन पाहा. मुलीकडचे ‘शेती आहे पण नोकरी नाही’ एवढे सांगून चहा न घेता उठून जातात. तेव्हा मला रात्रभर झोप येत नाही, डीजे नसतानाही.

चंदगडची लेक, बेळगावची सून: निपाणीकर, मुलाला स्थळ मिळत नाही हे दुःख खरे आहे, परंतु ते शहापूरच्या आजारी माणसाकडून वसूल करू नका. आणि चहा न घेता उठणाऱ्या मुलीकडच्यांनाही थोडे समजून घ्या. लग्नानंतर शेतीच्या उताऱ्यावर सुनेचे नाव कधी लागेल, असे विचारण्याची सोय बघण्याच्या कार्यक्रमात आजही नाही. नोकरीचा पगार निदान मोजता येतो. आमच्या लग्नात हलगी होती, डीजे नव्हता, तरीही रेशन कार्डाचे भांडण झालेच. त्यामुळे वाद्य बदलल्याने घर सुधारते, असाही माझा दावा नाही.

टिळकवाडीकर: मी साधी आवडीनिवडीची यादी दिली होती, तिच्यावर तहसीलदार कचेरी आणि ध्वनिप्रदूषण दोन्ही येऊन बसले. ठीक आहे. ‘राजकारण संपले’ हे वाक्य मागे घेतो आणि ‘राजकारण कचेरीत गेले’ असे लिहितो. ताईंचे समाधान झाले असावे. मालिका मात्र यादीत पहिलीच राहील, कारण मामेबहिणीचे लग्न कोणत्याही परिपत्रकाने लावलेले नाही.

खानापूरच्या निवृत्त शिक्षिका: लग्न लागले याचा आनंद आहे. आता पहिल्या पतीच्या शेतातील तिचा हिस्सा तिच्या नावे राहिला की दिरांनी सह्या घेतल्या, एवढे विचारून येथे कळवा.