शहरातल्या शाळेला शेतीचा मास्तर कशाला?

नवी कृषी शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर
परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली. आता शहरातल्या एका शाळेत करारावर नववी-दहावीला शेती शिकवते. शाळेची अपेक्षा एवढीच की कुंड्या रंगवा, पाहुणे यायच्या आधी गेटजवळ झेंडू फुलवा. परीक्षा जवळ आली की आमचे तास गणिताला जातात. माझं म्हणणं असं, की शहरातल्या लेकरांना शेती शिकवायलाच हवी, पण बागकाम म्हणून नाही. जूनमध्ये मी सोयाबीनची उगवणक्षमता तपासायला दिली. ओल्या गोणपाटावर ओळीनं 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवडाभरात कोंब मोजायचे. 70 उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. 60च उगवले तर 35 लागतं. हे व्यस्त त्रैराशिक पोरांनी स्वतः मांडलं, त्याला गुंठाभरही जमीन लागली नाही. तुमचं मत सांगा.

बांधावरून, जिंतूर
ताई, राग मानू नका, पण तुमची खरी गरज आमच्याकडं आहे. आधी बियाण्याला बुरशीनाशक चोळायचं, मग रायझोबियम, म्हणजे पिकाला नत्र मिळवून देणारे जिवाणू, लावायचं, हा क्रमसुद्धा कित्येक घरांत उलटा होतो आणि जिवाणू संवर्धनाचा पैसा वाया जातो. आमच्या लेकरांना हे दाखवायला शाळेत कोणी नाही. तुमच्या शहरातल्या सिडको वसाहतीतलं पोरगं उद्या पेरायला तिफण धरणार आहे का?

पालक, लातूर
दादा, तिफण धरणार नाही, पण पाणी तर पिणार आहे! 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमचा नळ आणि शिवारातला ऊस, दोघांची नजर त्याच मांजरा धरणावर. आताच्या दहावीच्या पोरांना ती रेल्वे आठवतसुद्धा नाही. ही पोरं उद्या बँकेत बसून पीककर्ज मंजूर करतील, तहसीलात पंचनाम्यावर सही करतील. त्यांना खरीप-रब्बी कळू नये?

निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड
कळावं, पण त्यासाठी वर्षभराचा विषय नको. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना सांगितले आहेत, त्यात शिवारफेरी बसवा. माझी खरी काळजी वेगळी आहे. नुकता पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी, बी.एड. नाही, वर्ग कसा हाताळायचा हे कोणी दाखवलेलं नाही, आणि थेट भरल्या वर्गात उभं करतात. पिकाचं ज्ञान पक्कं असूनही ही मुलं खचतात. ही चूक त्यांची नाही, पण नुकसान विद्यार्थ्यांचंही होतं.

कृषी शिक्षक, जालना
सर, खचण्याचं अगदी बरोबर बोललात. मात्र 10 दिवसांत पेरणी ते मळणी कशी दाखवणार? आणि जिंतूरचे दादा, मी आधी खेड्यातल्या शाळेतच होतो. तिथं पालक तोंडावर म्हणायचे, "शेतीच करायची तर शाळेत कशाला घालू?" शहरात निदान तो विरोध नाही. मी वर्ग मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात नेतो. आडतीवर सोयाबीनचा ओलावा मोजतात तिथं पोरं वाकून आकडा बघतात. 12 टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटतो, आणि समोर उभ्या शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. त्या दिवशी वर्गात कुणी विचारत नाही की हे परीक्षेला येणार का.

बांधावरून, जिंतूर
मोंढ्याचं पटलं. तरी माझा आग्रह सोडत नाही. आठवड्यातला एक दिवस तरी हे शिक्षक जवळच्या खेड्यातल्या शाळेला द्या.

नवी कृषी शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर
मी यायला तयार आहे, दादा. पण माझ्या करारात एकाच शाळेचं नाव आहे. दुसरीकडं गेले तर त्या दिवसाचं मानधन कापलं जाईल. आणि सर म्हणतात तसं, पहिल्या वर्षी एखादा जुना शिक्षक सोबतीला हवाच. सलग दोन तास आणि मोंढ्याच्या फेरीची परवानगी मी मुख्याध्यापकांकडं लेखी मागते आहे. एका दिवसाची मागणीही त्याच अर्जात घालते.