पेठेतल्या घराला सिमेंट लावण्याआधी

जुना चुना खरवडून सरसकट सिमेंटचं प्लास्टर करून टाका, असा सल्ला जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी बरेचदा दिला जातो. पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेतलं जुनं घर असेल तर जरा थांबा. एखाद्या कोपऱ्यातला पोपडा काढून विटांमधला सांधा नखाने खरवडून बघा. भुगा पडला तर तो बहुधा चुन्याचा किंवा मातीचा. अशी भिंत जोत्यातून ओल वर ओढते, पण चुन्यातून सुकतही असते. वरून सिमेंटचा कडक थर दिला की सुकायची वाट बंद. मग ओल आणखी वर चढते, पांढरे क्षार फुटतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. दुकानदार डँपप्रूफचा डबा पुढे करतोच (त्याचाही धंदा आहे), पण त्याने फक्त डाग झाकला जातो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा, वर चुन्याची सफेदी. चुना कालवताना हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यात उडाला तर भारी पडतं.

सिमेंटमध्ये बांधलेल्या बंगल्याला अर्थातच सिमेंट चालेल. निदान 7 दिवस पाणी मारा आणि पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टीला हात लावू नका.

फरशीही स्वतः बसवणार असाल तर सुरुवात बाथरूमपासून नको, उतार चुकला की पाणी जाळीऐवजी दाराकडे येतं. एखादी खोली घ्या. प्रत्येक फरशी बसवल्यावर ठोकून बघा. बद्द (पोकळ) आवाज आला तर खालचा सिमेंट-वाळूचा माल ओला असतानाच उचला. आणि जुनी शहाबादी फरशी धड असेल तर कशाला उखडताय?