मदत हवी आहे: बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लाव राजघराण्यांचा गुंता

मंडळी, बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर मध्ययुगात राज्य करणाऱ्या स्लाव घराण्यांचा तक्ता करतोय. मेक्लेनबुर्गचे निक्लोटचे वंशज, र्‍यूगेन बेटाचे राजे, पोमेरानियाचे ग्रिफिन आणि ग्डान्स्ककडचे सांबोर, अशी चार घराणी घेतली आहेत. सनावळी जुळते, कारणं जुळत नाहीत.

ओबोड्राइटांचा (मेक्लेनबुर्गकडच्या स्लाव टोळ्यांचा) राजा निक्लोट ११६० मध्ये सॅक्सनीच्या जर्मन ड्यूकशी, हेन्री द लायनशी लढताना मारला गेला. पोरगा प्रिबिस्लाव झुंजत राहिला. आणि ११६७ मध्ये त्याच हेन्रीनं श्वेरीन वगळून बापाचा बराचसा मुलूख त्याला मांडलिक म्हणून परत दिला! वर प्रिबिस्लावच्या मुलाला जावई करून घेतलं (मुलगी अनौरस, पण सोयरीक ती सोयरीकच). हे घराणं १९१८ पर्यंत गादीवर होतं. एवढं रक्त सांडून मिळवलेला मुलूख शत्रूच्या पोराला का द्यावा?

दुसरं, सांबोर घराणं १२९४ लाच कसं संपलं?

प्रतिसाद १: हेन्रीवर तेव्हा सॅक्सन सरदारच उलटले होते. घरात बंड असताना पूर्वेची लढाई कोण चालू ठेवणार? बाप्तिस्मा घेतलेला, निष्ठेची शपथ वाहिलेला स्थानिक राजा त्याला स्वस्तात पडला. सांबोरांचं कारण साधं आहे. त्यांचा शेवटचा राजा मेस्तविन दुसरा याला मुलगा नव्हता. १२८२ मध्ये केम्पनोला करार करून त्यानं राज्य पोलंडच्या प्शेमिस्लाव दुसऱ्याच्या नावे केलं. पण १३०८ मध्ये ट्युटॉनिक सरदारांनी (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघानं) ग्डान्स्क घेतलं आणि पोलंडच्या हातून ते गेलं.

धागाकर्ता: आभार! मग ग्रिफिनांचं काय? ११८१ मध्ये पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं त्यांच्या बोगिस्लाव पहिल्याला साम्राज्याचा ड्यूक मानलं, आणि ११८५ मध्ये तोच डेन्मार्कपुढे झुकला. तक्त्यात अधिपती म्हणून रंग कुणाचा देऊ, साम्राज्याचा की डेन्मार्कचा?

प्रतिसाद २: ११८५ पासून डेन्मार्कचा. १२२७ मध्ये बोर्नहोवेदच्या लढाईत डेन्मार्क हरला, तिथे रंग बदला. र्‍यूगेनचा मात्र बदलू नका. ११६८ मध्ये बेटावरचं आर्कोनाचं स्लाव देऊळ डेन्मार्कनं पाडल्यापासून तिथले राजे डेन्मार्कचे मांडलिक होते, ते बोर्नहोवेदनंतरही राहिले. १३२५ मध्ये शेवटचा विस्लाव तिसरा वारस न ठेवता गेला आणि बेट ग्रिफिनांकडे आलं. ग्रिफिन स्वतः १६३७ पर्यंत टिकले, तक्ता तेवढा लांब ठेवा.