"समज झटका आणि पेपर सोडवा" म्हणणाऱ्यांना

गणितवेडी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "मुलींना गणित जमत नाही हा समज झटकायचा आणि पेपर सोडवायचा. बाकी सगळ्या सबबी." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. असाच एक समज कृष्णवर्णीयांच्या बुद्धीबद्दल अमेरिकेत आहे. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टील आणि ॲरनसन यांनी तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अवघड भाषिक प्रश्न दिले. 'ही तुमच्या क्षमतेची परीक्षा आहे' एवढं सांगितल्यावर त्यांची कामगिरी घसरली. असा समज स्वतःला पटलेला असावाच लागत नाही. आपल्यामुळे तो खरा ठरेल ही धास्ती पुरते, आकडेमोड डोक्यात धरायची जागा तीच अडवते. आणि यावर इलाज आहे! २००५ च्या एका प्रयोगात मुलींना गणिताच्या चाचणीआधी हा परिणामच समजावून सांगितला, तर त्या मुलांच्या मागे पडल्या नाहीत.

शंकासुर: असहमत. नेदरलँड्समध्ये दोन हजारांवर शाळकरी मुलांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. मुलींच्या गणितावर या धास्तीचा परिणाम दिसलाच नाही. शिवाय १९९५ च्या गुणांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांमधला आधीच्या परीक्षेतला फरक हिशेबातून काढलेला होता, हे कुणी सांगत नाही. धास्ती गेली की दरी मिटते, असं त्यातून निघत नाही.

निवृत्त_मास्तर: वाद कशाला? स्त्री/पुरुष हा रकाना पेपरच्या शेवटी छापा, म्हणजे सुरुवातीलाच तो भरताना हा समज आठवणार नाही.

शंकासुर: करून झालंय. अमेरिकेत कॅल्क्युलसच्या परीक्षेत. स्ट्रिकर आणि वॉर्ड या संशोधकांनी, २००४. दखल घ्यावी असा फरक नाही.

निवृत्त_मास्तर: अर्धंच सांगताय. २००८ मध्ये डॅनहर आणि क्रँडल यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि फरक महत्त्वाचा ठरवला. रकाना खाली न्यायला काय लागतं? अडवता कशाला?

शंकासुर: कारण रकाना हलवला की सगळे हात झटकून मोकळे! माझ्या बहिणीला शिक्षकांनी भर वर्गात सांगितलं, "तू भाषाच घे." तिने गणित सोडलं ते कायमचं. कुठला रकाना होता तिथे?

गणितवेडी: अहो, मग माझंच म्हणणं मांडताय की!

शंकासुर: मुळीच नाही. तुम्ही पेपरच्या तीन तासांबद्दल बोलताय, मी त्याआधीच्या वर्षांबद्दल.

निवृत्त_मास्तर: तरी रकाना खालीच हवा.

गणितवेडी: रकाना राहू द्या हो! शंकासुर, वर्षांचा मुद्दा मान्य. पण उद्या पेपर असलेल्या मुलीला काय सांगाल? गप्प बस?

शंकासुर: सांगा तिला धास्तीबद्दल, नुकसान तर नाही. फक्त गुण वाढतील असं वचन देऊ नका. आणि त्या शिक्षकांना कोण समजावणार, तेही लिहा.